कावीळ लिहा, मॅडम

परीक्षेचा मोसम विद्यार्थ्यांचा असतो असा सगळ्यांचा समज आहे. एप्रिल लागला की आमची अख्खी गल्ली पोरांच्या काळजीला लागते. कुणाकडे बदाम भिजत पडतात, कुणाकडे रेडिओ बंद होतो, गच्चीवर फेऱ्या घालत पाठांतर करणाऱ्या मुलाला ऊन लागेल म्हणून त्याची आई खालूनच ओरडत असते. मास्तरांचं काय, त्यांची मजाच. समोरच्या काकू मला दरवर्षी न चुकता म्हणतात, "बरं आहे बा तुमचं, मॅडम. पोरं अभ्यास करून करून सुकून राहिली, न् तुम्हाला दोन महिने आराम." मी हसून मान डोलावते. वाद घातला तर काकू आत येऊन बसतील आणि मग माझं काम राहील, एवढं शहाणपण मला आता आलं आहे.

काकूंना दिसत नाही ते माझ्या पुढच्या खोलीत असतं. मांजरपाटात दाभणानं शिवलेले, शिवणीवर लाखेची लाल मोहर मारलेले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. बी.एस्सी. भाग एक, गणित. गठ्ठा उसवायचा, पेपर तपासायचे, बेरजा करायच्या, गुणपत्रक भरायचं, पुन्हा शिवायचं, मेणबत्तीवर लाख वितळवून मोहर करायची आणि मुदतीच्या आत विद्यापीठात पोचतं करायचं. बाहेर त्याच सुमाराला निंब फुललेला असतो. प्रताप नगरात निंबाची झाडं पुष्कळ. सकाळी अंगणात बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडतो आणि कडसर गोड वास घरभर फिरतो. लोकांना त्या वासानं काय काय सुंदर आठवत असेल. मला अजूनही, एवढ्या वर्षांनी, जळक्या लाखेचा वास आठवतो.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, त्या उन्हाळ्याची ही आठवण आहे. तेव्हा प्रताप नगरात घरं कमी आणि रिकामे प्लॉट जास्त होते. दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर, सहा वर्षांची लेक, खापरखेड्याच्या वीज केंद्रात पाळीनं काम करणारे माझे यजमान वसंतराव, आणि मी. गणिताची लेक्चरर. नोकरीचं दुसरं वर्ष संपत आलं होतं आणि मला कायम करायचं की नाही हे जूनमध्ये ठरणार होतं.

आमच्या विभागात माणसं तीन. त्यातला एक त्या वर्षी दिवाळीत दुसरी नोकरी मिळून निघून गेला आणि त्याची जागा काही भरली गेली नाही. राहिलो मी आणि विभागप्रमुख पुराणिक सर. तिघांचे तास आम्ही दोघं घेत होतो. एकेका वर्गात एकशे वीस मुलं, मायक्रोफोन वगैरे भानगड नाही. सरांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत आरामात जायचा, माझा नेता नेता घसा बसायचा. कुणाला सांगावं असं त्यात काही नव्हतं. काम सगळ्यांनाच होतं.

झोप केव्हा उडाली ते मला नेमकं सांगता येणार नाही. फेब्रुवारीत असेल. भूकही गेली. वजन उतरलं तर मैत्रिणींनी कौतुकच केलं, काय खातेस ते विचारलं. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की छातीत धडधडायचं, आणि पोरांकडे तोंड केलं की आणखीच. मी खडू घट्ट धरून उभी राहायची. तास संपला की स्टाफरूममध्ये येऊन सगळ्यांसारखाच चहा प्यायची आणि सगळ्यांसारखीच महागाईवर बोलायची. आत काय चाललं आहे ते माझं मलाही कळत नव्हतं, तर दुसऱ्याला काय दिसणार?

मग गठ्ठे आले.

पेपर तपासायला येत एका माणसाच्या नावावर, पण तपासत असे सगळं घर. हे गुपित होतं आणि सगळ्यांना ठाऊक होतं. परीक्षक गुण देणार आणि त्याची बायको किंवा थोरली मुलगी बेरीज करणार. कितीतरी प्राध्यापकांच्या बायका आयुष्यभर अशा बेरजा करत आल्या, त्यांची नावं कुठल्या कागदावर नाहीत. आमच्याकडे उलटी गंगा होती. गुण मी द्यायची आणि बेरीज वसंतराव करायचे. सकाळची पाळी करून ते दुपारी कंपनीच्या बसनं परत येत, येताना कन्हान नदीच्या रेतीत पिकलेलं एखादं डांगर, म्हणजे खरबूज, घेऊन येत. "पाय बरं, कसं निघालं ते," म्हणत ते कापायचे, हात धुवायचे आणि लाल पेन घेऊन माझ्यासमोर मांडी ठोकून बसायचे. पहिल्या वर्षी मला त्या दुपारी फार आवडल्या होत्या. दोघांमध्ये पेपरांचा ढीग, डांगराचा वास, आणि त्यांचं हलक्या आवाजातलं "बारा न् सात एकोणीस".

त्या वर्षी त्यांच्या बेरजांवरचा माझा विश्वास उडाला. त्यांनी केलेली बेरीज मी पुन्हा करायची. मग माझीच पुन्हा. आधी दोनदा, मग पाचदा. मी गणिताची बाई. एम.एस्सी.ला पहिली आलेली. आणि मला बारा आणि सात किती ते खात्रीनं सांगता येईना. एकोणीस हे उत्तर समोर दिसायचं, पण ते बरोबर आहे असं जे आतून वाटावं लागतं ते वाटायचंच नाही. आपण बरोबर आहोत हे माणसाला कशानं कळतं, याचा मी त्याआधी कधी विचारच केला नव्हता. कुणीच करत नसेल.

एक दिवस लेकीनं खेळता खेळता एका गठ्ठ्यावर पाय दिला. मी उठले आणि तिच्या थोबाडीत मारली. तिच्या गालावर माझी बोटं उमटली आणि ती रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. हे लिहितानाही मला लाज वाटते. ती आता कॉलेजात आहे, तिला ते आठवत नाही म्हणते. खोटं बोलत असावी. दुसऱ्या दिवशी वसंतरावांनी तिला गावाकडे, आपल्या भावाच्या घरी नेऊन सोडलं.

आणि मग तो एक पेपर आला. पहिल्या प्रश्नाला बारा, दुसऱ्याला सात, तिसऱ्याला नऊ, चौथ्याला सहा. चौतीस. पासाला पस्तीस लागायचे. चौतीसचा पेपर प्रत्येक परीक्षकाच्या हाती येतो आणि प्रत्येक जण तो आणखी एकदा उलटून पाहतो, तेवढं पाप नाही. मी तिसरा प्रश्न पुन्हा पाहिला आणि नऊचे दहा केले. मग वाटलं, हे बरोबर नाही, पायरी चुकलीच आहे. पुन्हा नऊ. मग पुन्हा दहा. खाडाखोड झाली तर बाजूला सही करायची आणि पात्याला हात लावायचा नाही, असा नियम होता. मी दाढीचं पातं घेऊन आकडा खरवडत बसले. किती वेळ ते आठवत नाही. शेवटी कागद फाटला आणि मुखपृष्ठावर, गुणांच्या चौकटीत, बोट जाईल एवढं भोक पडलं.

ज्याला आमचा धंदा माहीत नाही त्याला त्या भोकाची भीती समजायची नाही. गुणांच्या जागी खरवडलेली उत्तरपत्रिका म्हणजे परीक्षकानं कुणाचे तरी गुण वाढवले, दुसरा अर्थच निघत नाही. चौकशी होते, नोकरी जाते, नाव जातं ते वेगळंच. मी ते भोक बघत बसले आणि मग वेड्यासारखं एक काम केलं. वेड्यासारखं हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. शिवून, मोहर मारून तयार असलेले आधीचे तीन गठ्ठे मी दाभणानं उसवायला घेतले. त्यातही कुठे काही चुकलं असेल तर?

वसंतराव आले तेव्हा दुपारचे चार वाजले होते आणि खोलीभर पेपर पसरले होते. लाखेचे तुकडे माझ्या पायाखाली आले होते, तळपायातून रक्त येत होतं आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

"हे काय करून राहिली वं, सुमन?"

"बेरीज चुकली असेल तर?"

"काल मी केली ना. तू बी केली."

"पुन्हा करा."

ते डोक्याचा टॉवेलही न सोडता खाली बसले. मी तो फाटका पेपर पुढे केला. त्यांनी आतल्या पानांवरचे गुण पाहून मोठ्यानं बेरीज केली. चौतीस. मी म्हटलं पुन्हा. त्यांनी पुन्हा केली. न चिडता, न हसता, त्याच आवाजात त्यांनी ती बेरीज सातदा केली. आठव्यांदा मी म्हटलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बेरीज बरोबर हाये, सुमन. तुले बरं नाही."

मी उसळून म्हटलं, "म्हणजे मी पागल झाली म्हणता?"

"पागल कोन म्हनून राहिलं? आमच्याकडे बॉयलरचा प्रेशर चढला तर आमी आधी तो खाली आनतो. त्याले शिव्या नाही देत बसत." मग त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला आणि टॉवेलनं पुसायला लागले. "मी तीन महिन्यांपासून पाहून राहिलो तुले. मलेच बोलता आलं नाही. चूक माही हाये."

तेव्हा मी रडले. किती दिवसांनी रडले कोण जाणे. हायसं वाटलं, खरं सांगायचं तर. आपल्याला बरं नाही, हे वाक्य मला स्वतःला सुचलंच नव्हतं. आपण नालायक आहोत, एवढंच सुचत होतं.

आमच्या शहराबाहेर उंच भिंतीचा एक दवाखाना आहे आणि त्याचं नाव आम्ही लहानपणापासून एकमेकांना चिडवायला वापरत आलो. त्या भिंतीच्या धाकानं माझ्यासारखी किती माणसं घरात कुढत राहिली असतील, देव जाणे. आम्ही तिथे गेलो नाही. सरकारी इस्पितळात दर बुधवारी मनाच्या आजारांची ओपीडी असते, तिथे वसंतराव मला घेऊन गेले. डॉक्टर पन्नाशीचे होते, आवाज थकलेला, डोळे मात्र तल्लख. त्यांनी झोपेचं विचारलं, भुकेचं विचारलं, आणि मग माझी अपेक्षा नव्हती ते विचारलं.

"आठवड्याला तास किती घेता? पेपर किती आले?"

मी सांगितलं. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं, जसा ताप लिहितात तसा.

"याला औषध आहे," ते म्हणाले. "वेळ लागते, पण बरं होते. तपासायचं काम मात्र आज बंद. सर्टिफिकेट देतो. पण मी खरं कारण लिहीन हं. तुमच्या लाइनीतल्या लोकांना बहुतेक कावीळ पाहिजे असते. ती पाहिजे असेल तर दुसरा डॉक्टर शोधा. बरेच आहेत."

मी म्हटलं, "जे आहे तेच लिहा."

म्हटलं खरं, पण तेव्हा मला त्याचा पुरता अर्थ ठाऊक नव्हता. तो कळला दुसऱ्या दिवशी, जुन्या शहरातल्या महाल भागात, पुराणिक सरांच्या घरी. परीक्षकानं काम परत करायचं तर अर्ज विभागप्रमुखाच्या सहीनं जायचा. सर गणितातले नावाजलेले, भोसल्यांच्या काळापासून महालात राहणारं घराणं, बोलणं मोजून मापून. त्यांनी माझा अर्ज चष्मा वर-खाली करत दोनदा वाचला. त्यात मी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. मला मानसिक आजार झाला आहे आणि उपचार सुरू आहेत. अमुक क्रमांकाची उत्तरपत्रिका माझ्या हातून, आजारपणात, फाटली आहे. आणि आजपर्यंत मी तपासलेल्या एकशे साठ उत्तरपत्रिका दुसऱ्या परीक्षकाकडून पुन्हा तपासून घ्याव्यात.

सरांनी कागद खाली ठेवला. "कावीळ लिहा, मॅडम."

"मला कावीळ नाही, सर."

"ते कळते हो मला. पण कावीळ उतरते. हे उतरत नाही. एकदा फायलीत लागलं की रिटायर होईपर्यंत लागून राहते. जूनमध्ये तुमचं कन्फर्मेशन आहे. लोक काय म्हणतील? वर्गात पोरं काय म्हणतील?"

"आणि तो फाटलेला पेपर?"

"उंदरानं कुरतडला म्हणा. दरवर्षी दोन-चार कुरतडतातच."

"आणि मी तपासलेले एकशे साठ?"

"ते बरोबरच असतील. तुम्ही कधी चुकता का?"

"तेच तर मला सांगता येत नाही, सर. कावीळ लिहिली तर ते एकशे साठ कुणी उघडूनसुद्धा पाहणार नाही. काविळीच्या माणसानं केलेली बेरीज कुणी कशाला तपासेल? आणि माझ्या हातून एखादा पोरगा उगाच नापास झाला असेल तर तो वर्षभर घरी बसेल."

मी शूर वगैरे नव्हते. पण एक गोष्ट माझ्या अंगात मुरलेली होती. वर्षभर मी पोरांच्या कानीकपाळी ओरडायची, पायरी गाळू नका, उत्तर बरोबर आलं तरी गाळलेल्या पायरीचे गुण कापीन. कापायचीही. पोरं मला त्यासाठी मागून काय काय म्हणायची. आता स्वतःची पाळी आली तेव्हा मधली पायरी गाळून खाली 'कावीळ' एवढं उत्तर लिहायचं, हे मला जमेना. हट्टीपणा म्हणा हवं तर. त्या हट्टीपणानंच मला त्या दिवशी खुर्चीत सरळ बसवलं.

सरांनी अर्ज पुन्हा जवळ ओढला. मग त्यांनी पेन उघडलं, सही करता करता थांबले, आणि केली. "मी तुम्हाला सांगितलं होतं, एवढं लक्षात ठेवा," म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा वाटला मला. बाहेर वसंतराव निंबाच्या सावलीत सायकल धरून उभे होते. मागच्या कॅरियरवर बसून मी घरी आले आणि औषध घेऊन झोपले, ती दुसऱ्या दिवशी दुपारी उठले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण आजारातून बरं होणं हे पाहायला फार कंटाळवाणं असतं. गोळ्यांनी तोंड सुकायचं. हात जड व्हायचे. पहिले तीन आठवडे काहीच फरक पडला नाही आणि मी डॉक्टरांना मनातल्या मनात शिव्या घातल्या. मग एका सकाळी डांगर गोड लागलं. बस, तेवढंच. त्यानंतर हळूहळू एकेक गोष्ट परत येत गेली. लेक गावाहून आली ती सरळ माझ्या मांडीवर येऊन बसली, आणि त्या दिवशी मी ठरवलं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही आणि झालंच तर लपवायचं नाही.

मी तपासलेले एकशे साठ पेपर दुसऱ्या परीक्षकानं पुन्हा तपासले. एकाही बेरजेत चूक निघाली नाही. त्या फाटक्या पेपरलाही त्यानं चौतीसच दिले. आणि त्या विद्यार्थ्याला निकालाच्या वेळी नियमाप्रमाणे एक गुण ग्रेस मिळून तो पासही झाला. एक-दोन गुणांनी अडलेल्याला विद्यापीठच उचलून धरतं, हा नियम मी स्वतः पोरांना वर्गात समजावून सांगत होते. ज्या एका गुणासाठी मी कागद फाडला तो त्याला तसाही मिळणार होता, आणि हे मला त्या दुपारी आठवलं नव्हतं. लोकांना वाटलं, हे ऐकून मला आनंद होईल. मला संताप आला. मी सगळं बरोबर करत होते आणि ते बरोबर आहे हे मला कळत नव्हतं, एवढा तो आजार लबाड होता.

सर म्हणाले होते तेही बरंचसं खरं झालं. कन्फर्मेशन एक वर्ष लांबलं. दोन वर्षं माझ्याकडे पेपर आले नाहीत. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा स्टाफरूममध्ये माझ्याशी सगळे इतक्या हळू आवाजात बोलायला लागले की मला बहिरेपणाची शंका यावी. कुणीतरी गावचे आंबे आणले होते. मी कापायला बसले तर एका बाईंनी माझ्या हातातली सुरी फार प्रेमानं काढून घेतली. "राहू द्या, मी कापते." मी म्हटलं, "बाई, मला बेरजेचा आजार झाला होता, आंब्याचा नाही." कुणी हसलं नाही. मीच हसले, आणि दुसरी सुरी मागवून चार आंबे कापून सगळ्यांच्या पुढे ठेवले. खाल्ले सगळ्यांनी.

पण आणखी एक गोष्ट व्हायला लागली, ती मात्र सरांनी सांगितली नव्हती. एकेक जण मला एकटीला गाठायला लागला. व्हरांड्यात, सायकल स्टँडजवळ, वाचनालयाच्या कपाटाआड. "मॅडम, ते तुमचे डॉक्टर कुठल्या वारी बसतात? माझ्या मेहुण्यासाठी विचारून राहिलो." त्या वर्षी आमच्या कॉलेजातल्या पुष्कळ लोकांच्या मेहुण्यांची प्रकृती बिघडली होती. मी कुणालाही मेहुण्याचं नाव विचारलं नाही. वार सांगायची, वेळ सांगायची, आणि गोळ्यांनी तोंड सुकतं तर पाण्याची बाटली जवळ ठेवायला सांगायची.

आता विभाग माझ्याकडे आहे. गठ्ठे येण्याआधी मी माझ्या लोकांना एकेकाला बोलावते आणि तब्येतीचं विचारते. नुसतं 'कसं काय' नाही. झोप लागते का, जेवण जातं का, वर्गात उभं राहताना काही होतं का. नवीन पोरं बावचळतात. एक जण मला म्हणाला, मॅडम, तुम्ही प्रमुख आहात की डॉक्टर? मी म्हटलं, प्रमुख आहे म्हणूनच विचारते, सांग. ज्याला झेपत नाही त्याचे पेपर कमी होतात, आणि अर्जात खरं कारण लिहिलं जातं, माझ्या सहीनं. वरून एकदा विचारणा झाली होती, हे काय नवीन. मी उत्तर पाठवलं की नवीन काही नाही, पूर्वीपासून आहे, फक्त आम्ही आता लिहितो. त्यावर काही आलं नाही. आलं तर पुन्हा लिहीन.

माझा अर्ज गेला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट राहिली. निंब पुन्हा फुलला होता. माझ्याकडे पेपर नव्हते, त्यामुळे दुपारी मी चक्क वर्तमानपत्र वाचत पडले होते. दार वाजलं. उघडते तर पुराणिक सर. महालातून प्रताप नगरापर्यंत, त्या उन्हात, सायकलवर. डोक्याला ओला टॉवेल, तो वाटेतच वाळलेला. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्याभर पाणी संपवलं आणि पेला हातातच धरून बसले.

"वानखेडे मॅडम," ते म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वी मला कावीळ झाली होती. ऐकलं असेल तुम्ही."

ऐकलं होतं. महिनाभर रजेवर होते. सगळ्या स्टाफनं त्यांना उसाचा रस नेऊन दिला होता.

"कावीळ नव्हती ती. घरी महिनाभर बिनतेलाचा स्वयंपाक चालला, कुणी आलं तर दिसावं म्हणून. बायको-पोरांनीही तेच खाल्लं. कुणाला काही बोललो नाही, आपोआप कमी झालं. आता यंदा पुन्हा सुरू झालं आहे. वर्गाच्या दारात पाय थांबतात. सत्तावीस वर्षं शिकवतो आहे, न् परवा दारातून परत आलो. शिपायाला म्हटलं, खडू विसरलो. खडू हातातच होता." त्यांनी पेला खाली ठेवला. "तुमच्या अर्जावर सही करताना मला तुमचा फार राग आला होता."

"माहीत आहे, सर."

"नाही, तुम्हाला वाटला तो नाही. तुम्ही लिहू शकल्या, याचा."

मला त्यांना हात लावून धीर द्यावासा वाटला, पण आमच्यात तशी रीत नव्हती. मी म्हटलं, "बुधवारी ओपीडी असते. नऊला नंबर लागतात."

"तुम्ही याल?"

"येईन की."

बुधवारी आम्ही दोघं नोंदणीच्या खिडकीपाशी उभे होतो. मागे पंधरा-वीस माणसांची रांग. डोक्यावर पंखा खडखडत होता, कुणाचं तरी तान्हं मूल रडत होतं. खिडकीतला माणूस मला ओळखत होता. "तुमचा केस पेपर काढू ना, मॅडम?"

"आज माझा नाही. नवीन आहे."

"कोनाचा?"

सर पुढे झाले आणि काहीतरी पुटपुटले. माणसानं कानामागे हात नेला. "काही ऐकू येऊन नाही राहिलं. जोरानं बोला. नाव, धंदा, तक्रार, सगळं सांगा."

सरांनी मागच्या रांगेकडे पाहिलं. मला वाटलं, हे आता वळून निघून जाणार, आणि गेले तर पुन्हा कधी येणार नाहीत. त्यांचे पाय खरंच थोडे हलले. मग त्यांनी घसा साफ केला आणि एकशे वीस पोरांच्या वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जायचा त्या आवाजात आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. रांगेतले सगळे बघायला लागले. सरांनी आवाज खाली आणला नाही.

"प्राध्यापक. विषय गणित. तक्रार मनाची आहे. तसंच लिहा."